टेरीच्या रेजिमेंटमधला स्वार शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स.न.वि.वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

ह्यूस्टनच्या ग्रंथालयात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे एक आडनाव होतं आणि जावयाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याचे खापरपणजोबा दक्षिणेच्या बाजूने आठव्या टेक्सास कॅव्हलरीत (घोडदळात), म्हणजे कर्नल टेरीच्या रेंजर्समध्ये होते. घरचा तांबडा घोडा घेऊन निघाले आणि एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत पडले.

आडनाव काही सापडेना. तुम्ही त्याची चार स्पेलिंगं कागदावर लिहून दिलीत, तिसऱ्याला माणूस मिळाला. पण सेवापटाची कार्डं हातात आल्यावरही तुम्ही मला थांबवलंत. ही कार्डं युद्धाच्या काळातली नाहीत, १९०३ पासून वॉशिंग्टनमधल्या कारकुनांनी जुन्या हजेरीपटांवरून ती उतरवली. त्या तारखेला रेजिमेंट कुठे होती ते आधी ताडून बघा, म्हणालात. ती एक सवय लावलीत, त्याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

मग घोड्याचं निघालं. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेकडचा, स्वार म्हणजे आपल्याकडचा शिलेदारच, घोडा स्वतःचा आणि त्याचे सरकारकडून दिवसाला ४० सेंट, असं मी म्हटलं. तुम्ही खुलून हसलात. ‘बरोबर, पण टेरीची माणसं निघाली तेव्हा बारगीर होती!’ सप्टेंबर १८६१ मध्ये ह्यूस्टनला हजाराहून जास्त जण भरती झाले ते आपापली बंदूक, पिस्तूल आणि खोगीर घेऊन; घोडे पुढे लष्कराने दिले. म्हणजे तांबडा घोडा घरीच राहिला होता. आणि शायलोही नाही. कार्डावर होतं: नॅशव्हिलचं हॉस्पिटल, गोवर, जानेवारी १८६२. टेरी स्वतः डिसेंबरात केंटकीत वुडसनव्हिलला पडला, त्याच्या जागी आलेला लबक काही आठवड्यांतच टायफॉइडने गेला. त्या हिवाळ्यात गोळीपेक्षा आजाराने किती पोरं नेली, हे तुम्ही एकेक कार्ड दाखवत सांगितलंत. जावयाला हे कसं सांगू, या काळजीत मी होते. त्याने ऐकलं, बराच वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, बावीस वर्षांचाच होता की.

सगळ्यात मोठं ऋण मात्र त्यानंतरच्या पानाचं. १८६० च्या जनगणनेतली गुलामांची यादी मी उलटून पुढे जात होते, तुम्ही पानावर हात ठेवलात. त्या स्वाराच्या वडिलांच्या नावाखाली सात ओळी. नाव एकाचंही नाही, फक्त वय, लिंग, रंग. टेक्सासने फेब्रुवारी १८६१ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याचं कारण म्हणून गुलामगिरीचं नाव उघड घेतलं होतं, तेही तुम्ही शांतपणे वाचून दाखवलंत. ‘हे पान सोडून रेजिमेंटचा इतिहास लिहू नका,’ एवढंच म्हणालात.

नातीने वंशवृक्षाच्या कागदावर त्या सातजणांसाठी सात रिकामे चौकोन काढले आहेत. १८७० च्या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं लिहिली गेली, हे तिला तुमच्याकडूनच कळलं. शनिवारी आम्ही दोघी येतोय. डबा मी आणते, तुम्ही आणू नका.

आपली,
नातीची आजी