शंभर टक्क्यांखालची संख्या

कणकवली,
१८ मे २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दहावीच्या निकालात कोकण मंडळ यंदाही राज्यात पहिले आले, तेव्हा गणपतीत मुंबईकर मंडळातर्फे गावात गुणगौरव करावा आणि त्या वेळी आपल्या शाळांविषयी मी चार शब्द बोलावेत, असे तू सुचवले आहेस. बोलायला माझी हरकत नाही. पण आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख म्हणून तक्ते भरण्यात इतकी वर्षे गेली आहेत की टक्केवारी दिसली की तिच्याखाली मुले किती, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

निकाल खराच चांगला आहे. राज्याचा ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२, गेल्या वर्षी राज्याचा ९५.८१ आणि आपला ९९.०१. परंतु नऊ विभागीय मंडळांत आपले मंडळ सर्वांत लहान, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचे. राज्यातून पंधरा लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसतात, त्यांत आपली तीस हजारही नसतात. यामुळे यशाला उणेपण येते असे मी म्हणत नाही. वर्गात वीस-पंचवीस मुले असली की कोणाचे गणित कच्चे आहे आणि कोणाच्या घरी बाप आजारी आहे, हे शिक्षकाला वही न उघडता ठाऊक असते, आणि निकालाचा मोठा वाटा त्यातच आहे. दुसरी गोष्ट अशी, की दहावीपर्यंतची आपली बहुतेक हायस्कुले संस्थांची आहेत. गिरणीतल्या पगारातून दरमहा काही बाजूला काढून तुझ्या-माझ्या वडिलांच्या पिढीने त्यांतली किती तरी उभी केली. जिल्हा परिषदेची शाळा त्याआधीची, पहिली ते चौथी किंवा सातवीची. गौरव शेवटच्या पायरीचा होतो आणि खचत चालली आहे ती पहिली, हे मला तुझ्या मंडळापुढे मांडायचे आहे.

ती का खचते, याचे उत्तर शाळेत कमी आणि जनगणनेत अधिक आहे. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीची घट याहून मोठी, जवळपास पाच टक्के. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: हे दोन आणि मुंबई शहर. माणसे पाठवणारे रिकामे झाले आणि घेणारेही. सगळे गेले ते तुझ्या डोंबिवलीकडे, विरारकडे! सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आणि रत्नागिरीत ११२२, हे आकडे वाचून आपण मुलींना किती जपतो, असे एका वक्त्याने मागे भाषणात सांगितले होते. त्यांना कोणी सांगावे, की सहा वर्षांखालच्या मुलांत आपल्याकडेही मुलगेच जास्त आहेत. स्त्रिया अधिक दिसतात, कारण कमावते पुरुष मुंबईला आहेत. पूर्वी बायकामुले तरी गावी राहत, आता लग्नानंतर तीही जातात, आणि वाडीत पोर जन्मालाच येत नाही. जी थोडी जन्मतात त्यांतली काही पिवळ्या गाडीतून बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत जातात.

मग वाडीच्या शाळेत कोण उरते? माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पट तपासताना मला आडनावांवरून गाव ओळखता येईनासे झाले होते. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले, आणि आजीकडे ठेवलेले एखाददुसरे नातवंड. एक नेपाळी मुलगी दिवाळीनंतर मराठीचे अक्षर न ओळखता आली आणि आंबा संपेपर्यंत आमच्यासारखी मालवणी बोलू लागली. बाग सुटली तशी ती गेली. पुढच्या चाचणीत त्या वर्गाची प्रगती पंचवीस टक्क्यांनी घसरली, कारण वर्गात मुलेच चार होती आणि वाचणारी एक कमी झाली. वरून खुलासा मागवण्यात आला. तेव्हापासून मी मासिक अहवालात टक्केवारीच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने मुलांची संख्या लिहू लागलो. ती कोणी वाचत असेल असे वाटत नाही.

शिक्षकांचे गणितही याच पटावर चालते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयानंतर वीसच्या आतल्या शाळेत एकच नियमित शिक्षक आणि सोबत एखादा निवृत्त, अशी व्यवस्था आली. एकटा शिक्षक चार इयत्ता एका खोलीत घेतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि त्याला तालुक्याला बैठकीला बोलावले की शाळेला वालीच राहत नाही. घाटावरून आलेले तरुण शिक्षक जीव ओतून शिकवतात, परंतु आंतरजिल्हा बदलीची संधी आली की आपल्या गावी जातात. मी त्यांना दोष देणार नाही. आपणच आपल्या गावी राहिलो नाही.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातील १४,७८३ शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे जवळच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा आपल्यातल्याही काहींनी मान डोलावली होती. कागदावर ते मलाही पटते. दहा मुलांनी एकमेकांबरोबर खेळण्यापेक्षा शंभरांत खेळणे बरे. पण नकाशावरचे दोन किलोमीटर म्हणजे आपल्याकडे एक डोंगर, दोन वहाळ आणि जुलैत पाण्याखाली जाणारा साकव. सहा वर्षांच्या मुलाला तिकडून कोण नेणार? गाडी येईल म्हणतात. ती कुठवर येईल, हे मी गावच्या एस. टी.वरून ओळखतो.

तेव्हा भाषणाऐवजी एक करता येईल का ते पाहा. ढाली आणि दप्तरे पुरे झाली. मंडळाने एका स्वयंसेविकेचे वर्षाचे मानधन द्यावे, म्हणजे शिक्षक बैठकीला गेला तरी वर्ग भरलेला राहील. शाळा व्यवस्थापन समितीशी मी बोलून ठेवले आहे आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी तुझा होकार आला तर बरे.

गुणगौरवाची यादी तू मागितली आहेस. आपल्या वाडीतून यंदा दहावीला दोन मुली बसल्या होत्या, दोघीही उत्तीर्ण झाल्या. फलकावर शंभर टक्के लिहिणार असाल तर अवश्य लिहा, फक्त शेजारी दोन हा आकडाही घालायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना वर्गमित्र