गणपतीची पत्री आषाढातच लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कचराकुंडीत पडलेल्या वडाच्या फांद्यांचा फोटो आणि त्याखाली दोन ओळींची हळहळ, हे आता दरवर्षीचे झाले आहे. यंदाही ते छापून आले. हळहळ योग्यच आहे. पण मी ज्या गोष्टीबद्दल लिहिते आहे, तिच्यावर कोणी हळहळत नाही. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत स्टेशनाबाहेर, मंडईत, पुलाखाली ओल्या गोणपाटावर पत्रीच्या, म्हणजे पूजेत वाहायच्या एकवीस प्रकारच्या पानांच्या, जुड्या रचलेल्या असतात. त्यांचाही फोटो छापून येतो, पण ‘सणाची लगबग’ म्हणून.

मूर्ती शाडूची की पीओपीची यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो आहोत. थर्माकोलची मखरे २०१८च्या बंदीनंतर बरीचशी मागे पडली. पाल्याकडे मात्र कोणी संशयाने पाहिले नाही. पालाच तो, कुजून माती होईल, असे म्हणून आपण मोकळे होतो. कुजतो हे खरे, पण तो ओरबाडला कुठून, हे विचारायचे राहून जाते. शहराला दोन दिवसांत लागणारी पत्री शहरालगतच्या टेकड्यांवरून, रुळांकडेच्या मोकळ्या जागांवरून आणि गावाबाहेरच्या रानातून येते. आघाडा काय, उकिरड्यावरही उगवतो, तो संपायचा नाही. पण शमी, आपटा, बेल यांच्या फांद्याच्या फांद्या कोयत्याने उतरवल्या जातात, आणि विष्णुक्रांतेसारखी जमिनीलगतची नाजूक वेल बी धरण्याआधीच मुळासकट उपटली जाते.

बरे, इतके करून देवाला मिळते काय? गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या चार-पाच जणींनी विकत आणलेली एक जुडी वर्तमानपत्रावर (आपल्याच) सोडून पाहिली. आयुष्य शेतीखात्यात घालवलेले शेजारचे आजोबा मदतीला होते. बाहेरून दिसतील असे आघाड्याचे दोन तुरे आणि कण्हेरीची पाने. आत शमी म्हणून सुबाभळीची डहाळी. शमीच्या फांदीला बारीक काटे असतात, सुबाभळीला नसतात, एवढे पाहिले तरी कळते. शिवाय सुबाभूळ मूळची मेक्सिकोची. आपट्याच्या जागी कांचन, दसऱ्याला आपट्याच्या नावावर आपण ‘सोने’ म्हणून लुटतो तोच. देवदार म्हणून रस्त्याकडेच्या उंच अशोकाची लांब पाने. मध्यभागी गाजरगवताचे अख्खे रोप, फुलांसकट, मुळाला माती तशीच. ज्याने अंगाला खाज सुटते ते गाजरगवत आपण मंत्र म्हणत गणपतीच्या पायाशी ठेवत होतो. आतला बेल तेवढा खरा निघाला.

यात विकणाऱ्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. कसारा, शहापूर, कर्जतकडून डोक्यावर भारे घेऊन त्या येतात, रात्र फुटपाथवर काढतात आणि गिऱ्हाईक मागेल ते बांधून देतात. आणि गिऱ्हाईक कसे, तर एकवीस प्रकार आहेत ना म्हणून हुज्जत घालणारे आणि त्यातले एकही पान न ओळखणारे! या बायकांकडून केळीची पाने घ्यावीत, गौरीसाठी तेरडा घ्यावा, रानभाज्या घ्याव्यात आणि भाव करू नये. माझा आक्षेप फक्त त्या न ओळखता बांधलेल्या जुडीला आहे.

पूजेत ‘सुमुखाय नमः, मालतीपत्रं समर्पयामि’पासून सुरुवात होते. मग माका, बेल, पांढऱ्या दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, आघाडा, शमी, केवडा, कण्हेर, आपटा, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, निर्गुंडी, जाई आणि शेवटी हादगा. घराण्यागणिक आणि पोथीगणिक एखादे नाव इकडचे तिकडे होते. (तुळस गणपतीला एरवी चालत नाही, या एका दिवशी चालते. तेव्हा कोणी नाक मुरडले तर यादी दाखवावी.) हे सगळे एका घराच्या अंगणात कधीच नव्हते. देवदार तर हिमालयातला. कोकणातल्या आमच्या सासूबाईंच्या परड्यात यातली फार तर दहा-बारा झाडे होती. बाकीच्या नावांना त्या दूर्वा नाहीतर अक्षता वाहत आणि त्यांना त्यात काही उणे वाटले नाही. वाटायचे कारणही नाही. दागिने नसतील तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ असे गुरुजी स्वतःच म्हणतात आणि कोणी सोनाराकडे धाव घेत नाही. मग पत्रीच्याच बाबतीत एकवीसचा आकडा गाठायची हौस का? शास्त्राने सोय ठेवली आहे, आडमुठेपणा आपला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की गणपतीला घरची, दारची किंवा सोसायटीच्या आवारातली पत्री वाहावी, पाच निघाली तर पाच. आणि त्यासाठी जाग भाद्रपदात येऊन उपयोग नाही, लागवड आषाढात करायला हवी. पाऊस स्थिरावलेला असतो, फांद्या लवकर मुळे धरतात आणि चतुर्थी दोन महिन्यांवर असते.

सुरुवात दूर्वांपासून करावी. दूर्वा म्हणजे आपली हरळीच. तिला खोल कुंडी लागत नाही, बुडाला भोके पडलेले घमेले किंवा चार बोटे खोल ट्रे पुरतो, पाण्याचा निचरा मात्र हवा. निम्मी माती आणि निम्मे घरचे खत भरून, पेरांना मुळे फुटलेले तुकडे आडवे दाबून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत ट्रे हिरवा होतो. खरी मेख पुढे आहे. दूर्वा खुडत राहायला हव्यात. जो ट्रे कौतुकाने नुसता बघत बसतो त्याच्या दूर्वा लांबतात, पिवळ्या पडतात आणि त्यांना कोवळी तीन पात्यांची टोके येत नाहीत. दर मंगळवारी, संकष्टीला शेंडे खुडत गेलात तर चतुर्थीला एकवीसच्या जुडीला तोटा नाही. उन्हाचे मात्र पक्के बघावे. दिवसाला चार-पाच तास ऊन न लागणाऱ्या गॅलरीत दूर्वांचा नाद सोडावा आणि जिच्या गच्चीवर ऊन आहे त्या मैत्रिणीकडे ट्रे ठेवावा.

मरवा फांदीवरून सहज लागतो, फक्त पाण्याचा अतिरेक सोसत नाही. जाईची वेल ग्रिलवर चढते. डाळिंब मोठ्या कुंडीत बरे राहते, फळ धरो न धरो. माका ओल्या कुंडीत आपसूक उगवतो आणि आपण तण म्हणून उपटून टाकतो. आघाड्याचेही तेच. तुळस घरोघरी असतेच, पण तिचे हाल बघवत नाहीत. निरांजनातले उरलेले तेल कुंडीत, उदबत्तीच्या काड्या मातीत खोचलेल्या, वर हळद-कुंकवाचा थर, आणि मग ‘आमच्याकडे तुळस जगत नाही’ ही तक्रार. दिवा कट्ट्यावर ठेवा, मंजिऱ्या वेळेवर खुडा, जगेल.

कण्हेर, धोतरा आणि रुई या तीन गोष्टी घरात लहान मूल असेल तर लावूच नयेत. तिन्ही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा करतो. देवाला चालते म्हणून बाळाला चालते असे नाही. पिंपळ, वड यांचीही रोपे कुंडीत वाढवून गॅलरीच्या भिंतीशी ठेवू नयेत, मुळे बांधकामात शिरतात. तसेही आपल्याकडे खालच्या मजल्यावर गळती दिसली की खापर वरच्या बाईच्या कुंड्यांवर फुटते.

मोठी झाडे सोसायटीच्या आवारात. बेल, शमी आणि आपटा ही मध्यम उंचीची, आपल्या मातीत रुळलेली झाडे आहेत. निर्गुंडी कुंपणाला लावता येते, फांदी खोचली की धरते, आणि पाला गुडघ्याच्या सुजेवर शेकायला कामी येतो. हादगा भराभर वाढतो, फार वर्षे टिकत नाही, पण टिकेल तितके दिवस फुलांची भाजी देतो. आवारात शोभेचे ताड आणि परदेशी पाम ओळीने उभे करणाऱ्या समित्यांनी त्यांतल्या दोन जागा यांना दिल्या तर दर चतुर्थीला सगळ्या इमारतीची सोय होईल. बेलाच्या कोवळ्या रोपाची पाने कुरतडलेली दिसली तर औषधाचा फवारा घेऊन धावू नये. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे जे चिकटलेले असते ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते, बेलही लिंबाच्याच कुळातला. ती थोडी पाने खाईल आणि जाईल. झाड मरत नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी आठवावी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, माणसाने हाताने पिकवलेलेच खायचे, असा दंडक आहे. अळू, लाल माठ, भेंडी, भोपळा, पडवळ, शिराळी, मक्याची कणसे, असे परसातले सगळे एका भांड्यात शिजते. आता ऋषीच्या भाजीचेही चिरून बांधलेले पुडे प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतात. मंडईतल्या भाजीमागे किती बैल आणि किती ट्रॅक्टर राबले कोण जाणे! गॅलरीत सगळे पिकणार नाही हे कबूल. पण अळू? तांदूळ धुतल्याचे पाणी रोज एका बादलीतल्या अळवाला घातले तर भाजीपुरती पाने निघतात. लाल माठ महिन्याभरात खुडायला येतो. भाजीत एक जिन्नस तरी आपल्या हातचा असावा.

निर्माल्याबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहून आले आहे. निर्माल्य कलशात टाकले की आपले काम संपले असे समजून हारांमधली जर, दोरा, प्लॅस्टिकची फुले सगळे आत ढकलले जाते आणि नंतर कोणा सफाई कामगाराला ते हाताने वेगळे करावे लागते. घरची पत्री असेल तर मुळात निर्माल्य मूठभर होते. तोडून, वाळलेल्या पानांत मिसळून, वर थोडे आंबट ताक शिंपडून जुन्या कुंडीत टाकले तर दिवाळीपर्यंत त्याचे खत होते.

महापालिका पावसाळ्यात रोपे वाटतात. त्यांत गुलमोहर आणि शोभेची झुडपे कमी करून बेल, शमी, आपटा, निर्गुंडी यांची रोपे प्रभाग कार्यालयांत ठेवावीत, प्रत्येकावर मराठी नाव लिहून. दुसरी विनंती आपल्याला आहे. चतुर्थीच्या एकवीस दिवस आधीपासून आपल्या अंकात रोज एका पत्रीचा फोटो छापावा. रंगीत हवा, पानाची पुढची-मागची बाजू आणि फांदी दिसेल असा, आणि शेजारी तिच्या नावावर बाजारात खपवल्या जाणाऱ्या दुसऱ्या पानाचाही. जागा पोस्टकार्डाएवढी पुरेल. ही पाने विकणाऱ्या बायकांपैकी कोणाला बोलते करून मजकूर घेतलात तर फारच उत्तम, कारण कुठले झाड कुठे उरले आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. देवदाराच्या दिवशी काय छापायचे हा प्रश्न पडेल. त्या दिवशी अक्षता छापा.

आपली,
एक वाचक, ठाणे जिल्हा