सूर्याच्या छायाचित्राखाली तारीख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन-तीन वर्षांत सौरज्वाला, भूचुंबकीय वादळे आणि ध्रुवीय प्रकाश यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येऊ लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्यांबरोबर जे चित्र छापले जाते, त्याखाली बहुतेक वेळा ‘संग्रहित छायाचित्र’ किंवा ‘सौजन्य : नासा’ एवढेच शब्द असतात. ते चित्र कोणत्या उपकरणाने, कोणत्या तरंगलांबीत (म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्रकाशात), कोणत्या तारखेला आणि किती वाजता टिपले, यांपैकी काहीही वाचकाला कळत नाही. या चार गोष्टी प्रत्येक वेळी छापाव्यात, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सूर्याच्या चित्रांचा जगातला बहुतेक संग्रह सर्वांना विनामूल्य खुला असल्यामुळे, या चार गोष्टी हाती असलेला कोणताही वाचक मूळ चित्र स्वतः उघडून पाहू शकतो. त्या नसतील तर मात्र खुल्या संग्रहाचाही त्याला काही उपयोग होत नाही.

काही दिवसांपूर्वी नात्यातल्या एका शाळकरी मुलीने मला मोबाइलवर आलेले एक चित्र दाखवले. तपकिरी-सोनेरी बिंबावर दोन काळे डोळे आणि खाली हसरे तोंड. मजकूर असा की, काल सूर्य हसताना दिसला. ‘काका, हा खरंच कालचा सूर्य आहे का?’ असे तिने विचारले. आम्ही संगणकावर हेलिओव्ह्यूअर हे तारखेनुसार सूर्याची चित्रे दाखवणारे संकेतस्थळ उघडले, आदल्या दिवसाची तारीख घातली आणि सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या नासाच्या ‘एसडीओ’ यानावरील ‘एआयए’ या उपकरणाचे १९३ अँगस्ट्रॉमचे (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे अतिसूक्ष्म एकक) चित्र मागवले. बिंब आले, पण त्यावर चेहरा नव्हता. हे चित्र नासाने कधी प्रसिद्ध केले होते ते मला आठवत होते, म्हणून तारखेच्या चौकटीत २६ ऑक्टोबर २०२२ घातली, आणि तोच चेहरा पडद्यावर आला. नंतर तिने स्वतःच एकेक दिवस पुढे सरकायला सुरुवात केली. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे दिवसाला साधारण १३ अंश. त्यामुळे डोळे आणि तोंड रोज थोडे उजवीकडे सरकत गेले, आकार बिघडला आणि आठवडाभरात चेहऱ्याचा काही मागमूस उरला नाही. ‘म्हणजे चित्र खरं आहे, फक्त कालचं नाही,’ असे ती म्हणाली. तिला हे कोणी सांगावे लागले नाही. तारीख मिळाली आणि पुढचे तिने पाहून ठरवले.

त्या चित्रातले डोळे म्हणजे प्रभामंडलातील, म्हणजे सूर्याभोवतीच्या अतितप्त विरळ वातावरणातील, विवरे. विवर म्हटले की सूर्याला भोक पडले अशी समजूत होते, आणि तशा अर्थाचे मथळेही मी वाचले आहेत. प्रत्यक्षात या भागातील चुंबकीय रेषा अवकाशाकडे मोकळ्या असतात, तेथील वायू विरळ आणि तुलनेने थंड असतो, म्हणून १९३ अँगस्ट्रॉमच्या अतिनील प्रकाशात तो भाग काळा दिसतो. त्याच क्षणाचे दृश्य प्रकाशातील चित्र उघडले तर तेथे काहीच वेगळे दिसत नाही. तरंगलांबी छापण्याचा आग्रह मी यासाठी धरतो. एसडीओची १७१ अँगस्ट्रॉमची चित्रे सोनेरी, ३०४ ची लाल आणि ९४ ची हिरवी दिसतात. हे रंग सूर्याचे नव्हेत. या तरंगलांबींचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून कोणते चित्र कशाचे हे पटकन ओळखू यावे यासाठी शास्त्रज्ञांनी रंग नेमून दिले आहेत. लाल चित्रात सुमारे ५० हजार अंशांचा हेलियम दिसतो, सोनेरी चित्रात सुमारे ६ लाख अंशांच्या लोहाच्या वायूची वेटोळी दिसतात. रंगाखाली तरंगलांबी नसेल, तर वाचक साहजिकच असे समजतो की सूर्य एके दिवशी लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी हिरवा.

या संग्रहाचा आवाका केवढा आहे, हेही येथे सांगायला हवे. ‘सोहो’ हे यान २ डिसेंबर १९९५ रोजी निघाले आणि पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून ते सूर्याकडे पाहत आले आहे. एसडीओ ११ फेब्रुवारी २०१० रोजी सोडले गेले. त्याचे प्रत्येक चित्र ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे असते, अतिनील चित्रांची फेरी दर १२ सेकंदांनी पूर्ण होते, आणि दिवसाला सुमारे दीड टेराबाइट डेटा पृथ्वीवर येतो. हे सारे साठवले गेले आहे. सोहोवरील ‘लॅस्को’ हे उपकरण सूर्याचे बिंब चकतीने झाकून भोवतालचे प्रभामंडल टिपते. त्याची चित्रे घरबसल्या न्याहाळणाऱ्या हौशी निरीक्षकांनी इतके धूमकेतू शोधले की मार्च २०२४ मध्ये सोहोच्या धूमकेतूंची संख्या पाच हजारांवर गेली. त्यांतील बहुसंख्य धूमकेतू अशा सामान्य माणसांच्या नजरेला पडलेले आहेत. चित्रांवर अचूक तारीख-वेळ नसती, तर एका ठिपक्याची जागा पुढच्या चित्रांतील ठिपक्याशी जुळवून तो धूमकेतू आहे हे ओळखता आले नसते.

वेळेचा प्रश्न तर बातमीदारांना रोज भेडसावत असणार. हे सर्व संग्रह जागतिक वेळेवर चालतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. मे २०२४ मधील मोठ्या वादळाच्या वेळी सूर्यावरील १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एक्स ५.८ श्रेणीची (एक्स हा सर्वांत तीव्र ज्वालांचा गट) ज्वाला उसळली, ती जागतिक वेळेनुसार ११ मे रोजी १ वाजून २३ मिनिटांनी शिखरावर होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा १० मेची रात्र होती, तर आपल्याकडे ११ मेच्या सकाळचे ६ वाजून ५३ मिनिटे झाली होती. एका बातमीत १० मे आणि दुसरीत ११ मे वाचणाऱ्याला कोणाची तरी चूक झाली असे वाटते. ‘जागतिक वेळ’ हे दोन शब्द असले की गोंधळ मिटतो. आणखी एक बारकावा येथे नोंदवतो. हेलिओव्ह्यूअरमध्ये आपण मागितलेल्या वेळेच्या सर्वांत जवळचे चित्र मिळते, आणि त्या चित्राची खरी वेळ थराच्या (म्हणजे निवडलेल्या उपकरणाच्या चित्राच्या) नावापाशी वेगळी लिहिलेली असते. त्या काळात चित्रे नसतील, तर बरेच आधीचे किंवा नंतरचे चित्र समोर येऊ शकते. म्हणून छापताना आपण मागितलेली वेळ न घेता चित्राची स्वतःची वेळ घ्यावी.

चित्रे नसण्याची कारणेही साधीच असतात, आणि ती ठाऊक नसली की अफवांना ऊत येतो. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपासच्या काही आठवड्यांत, एसडीओ आणि सूर्य यांच्यामध्ये रोज काही काळ पृथ्वी येते. तेव्हाचे चित्र अर्धे काळे किंवा पूर्ण काळे असते. जून १९९८ मध्ये सोहोशी संपर्क तुटला आणि पुढचे काही महिने त्याची चित्रे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एसडीओचा डेटा जेथे हाताळला जातो, त्या संगणककक्षात पाण्याची वाहिनी फुटली. यान व्यवस्थित काम करत होते, तरी डेटावरील प्रक्रिया आणि त्याचे वाटप बराच काळ विस्कळीत झाले. ‘सूर्यावर काहीतरी घडले आणि ते लपवले जात आहे’ असे संदेश अशा खंडांच्या काळात हटकून फिरतात. लॅस्कोच्या चित्रात एखादा ग्रह येतो तेव्हाही असेच घडते. ग्रहाच्या तेजाने संवेदकाचे पिक्सेल भरून वाहतात आणि ग्रहाच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते, तिला परग्रहावरचे यान ठरवले जाते. अशा संदेशाचे खंडन करणाऱ्या बातमीतसुद्धा मूळ चित्राची तारीख दिलेली नसते, याचे मला फार वाईट वाटते.

तारीख शोधणे हे काम वाटते तेवढे अवघड नाही. एसडीओच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या चित्राच्या फाइलीच्या नावातच सगळे असते : पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, पुढचे सहा अंक म्हणजे तास, मिनिट आणि सेकंद, मग चित्राची रुंदी आणि शेवटी तरंगलांबी. ते चित्र कातरून, नवे नाव देऊन पानावर लावले की ही सगळी ओळख पुसली जाते. नाव बदलण्यापूर्वी ते अंक ओळीत उतरवून घेणे, एवढेच करायचे आहे.

ज्यांना पाहण्याच्या पुढे जाऊन मोजमाप करायचे असेल, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. संकेतस्थळावर दिसणारे चित्र डोळ्यांसाठी उजळलेले आणि आटोपशीर केलेले असते. मूळ मोजणी ‘फिट्स’ नावाच्या फाइलीत असते आणि ती स्टॅनफर्डच्या केंद्राकडून किंवा ‘व्हर्च्युअल सोलर ऑब्झर्व्हेटरी’ या सामायिक शोधस्थळावरून मागवता येते. मी पहिल्यांदा अशी फाइल उघडली तेव्हा पडदा जवळजवळ काळा दिसला, फक्त दोन-चार ठिपके चमकत होते. फाइल बिघडलेली आहे असेच मला वाटले. प्रत्यक्षात सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत मंद भागांतील अंतर इतके मोठे असते की साध्या मापात मंद भाग दिसतच नाहीत. माप लॉगरिदमी, म्हणजे पटीपटीने वाढणारे, केल्याबरोबर संपूर्ण प्रभामंडल, त्यातील वेटोळ्यांसकट, समोर आले. त्या फाइलीच्या शीर्षभागात निरीक्षणाची वेळ, प्रकाश घेतल्याचा कालावधी, तरंगलांबी आणि सूर्याच्या केंद्राची जागा ओळीने लिहिलेली असते. शास्त्रज्ञ ही माहिती चित्रापासून कधीही वेगळी करत नाहीत.

आपल्या देशातील संग्रह या बाबतीत कोठेही कमी नाहीत. कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे काचेवर घेतली गेली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ती संगणकावर आणून खुली केल्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचे बिंब आज कोणालाही पाहता येते. आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले, ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत पोहोचले, आणि त्याचा डेटा जानेवारी २०२५ पासून इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळू लागला आहे. त्यावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवली असून ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, ११ गाळण्यांमधून सूर्य पाहते. तिचे चित्र छापताना कोणत्या गाळणीतून घेतले ते न लिहिणे म्हणजे त्या मेहनतीचा अर्धा अर्थ वगळणे होय.

पानावर जागा किती मोलाची असते याची मला जाणीव आहे. म्हणूनच ओळीचा नमुना देतो : ‘एसडीओ, एआयए, १७१ अँगस्ट्रॉम, १० मे २०२४, १२.०० जागतिक वेळ, रंग कृत्रिम’. एका स्तंभात ही ओळ सहज बसते. एवढी ओळ वाचून हेलिओव्ह्यूअर उघडणाऱ्याला त्या दिवशीचा सूर्य दिसेल, आणि बिंबाच्या मध्यापासून खाली उजवीकडे १३६६४ क्रमांकाचा तो डागसमूह जेथे होता, तेथील तेजस्वी वेटोळी त्याला शोधून काढता येतील. पृथ्वीचा आकार दाखवणारे छोटे चिन्ह त्या संकेतस्थळावर आहे. ते त्या भागाशेजारी ओढून ठेवले की डागसमूह पृथ्वीच्या तुलनेत केवढा होता, हेही कळेल.

आपला,
एक नियमित वाचक