थर्मोस्टॅट काढल्याने डिझेल वाचत नाही, वाया जाते

मा. संपादक,
स. न.

मार्च लागला की आपल्याकडच्या गॅरेजांत एक काम हटकून सुरू होते. जुनी बोलेरो, सुमो किंवा इंडिका 'गरम होते' म्हणून आली की मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिनाचे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकतो, नुसते गॅस्केट लावून हाउसिंग बंद करतो आणि 'आता नवतपातही काटा वर जाणार नाही' म्हणून गाडी परत करतो. काटा बहुतेकदा खरेच वर जात नाही. मात्र पुढे वर्षभर अ‍ॅव्हरेज का पडले याचा शोध मालक डिझेल फवारणाऱ्या नोझलपासून पेट्रोल पंपाच्या मापापर्यंत सगळीकडे घेतो. थर्मोस्टॅटवर संशय कोणी घेत नाही.

थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंशांना उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तोपर्यंत तो पाणी इंजिनातच फिरवतो. तो नसला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरते आणि डिसेंबरच्या सकाळी गावाहून तालुक्याला पोहोचेपर्यंत इंजिन कोमटच राहते. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही. काही पांढरा धूर होऊन निघून जाते, काही रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, लायनर लवकर झिजतात. काही इंजिनांत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करण्याचे कामही थर्मोस्टॅटच्या खालच्या तबकडीकडे असते. तिथे तो काढला तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातो आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापते.

आपल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही हे घरीच कळते. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा; फॅनपासून हात आणि गमछा दूर ठेवा. होज काही मिनिटे थंड राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट आहे आणि चालू आहे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर तो काढलेला आहे किंवा उघडाच अडकला आहे. नवीन काही शे रुपयांत मिळतो. बसवण्याआधी दोऱ्याने टांगून पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहावा, कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला हवा. हवा निघण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूला यावे, नाहीतर हवा अडकते आणि थर्मोस्टॅटवर नाहक खापर फुटते.

मग गाडी तापते कशाने? बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत बसलेल्या कापसाच्या तंतूंनी, सोयाबीनच्या कुटाराने आणि पांदण रस्त्याच्या धुळीने. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा समोरून मारला की पत्ती वाकते आणि कचरा आणखी आत बसतो. आतून बिघाड करते ते पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे आत क्षारांचा थर चढवणे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढेच घालावे. त्याशिवाय फॅनचा तुटलेला श्राउड (भोवतीचे आवरण), ढिला बेल्ट आणि रेडिएटर कॅपची मेलेली स्प्रिंग बघावी. एवढे करूनही तापली तर हेड गॅस्केटचा विचार करा. या क्रमाने जायला वेळ लागतो आणि थर्मोस्टॅट काढायला पंधरा मिनिटे, म्हणून तो निघतो.

दुसरी अशीच खोड म्हणजे 'पंप वाढवणे'. गाडी ओढत नाही म्हटले की इंजिनात डिझेल ढकलणाऱ्या जुन्या मेकॅनिकल पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू थोडा फिरवला जातो. गाडी त्या दिवशी पळते. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून चढावर काळा धूर निघतो. त्या धुरात आपले पैसे असतात, आणि पिस्टन व हेडवरचा ताप वाढतो तो वेगळाच. गाडी न ओढण्याची खरी कारणे बरीच साधी असतात: धुळीने भरलेला एअर फिल्टर, चोंदलेला डिझेल फिल्टर, टर्बोच्या होजला गेलेली चीर, झिजलेली नोझल. कागदी एअर फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने फुंकावा, पाण्याने कधीही धुऊ नये. जुन्या जीपचा ऑइल बाथ (तळाच्या ऑइलात धूळ पकडणारा एअर फिल्टर) असेल तर तळाचा गाळ काढून ऑइल बदलावे. ड्रममधले डिझेल वापरणाऱ्यांनी तळाचे चार बोटे डिझेल टाकीत जाऊ देऊ नये. पाणी तिथेच साचते. डिझेल फिल्टरखालच्या स्क्रूने पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाणी सोडावे आणि नंतर हँड पंपाने प्रायमिंग करावे.

हे सगळे तपासूनही धूर राहिला, तरच पंप आणि नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानात न्यावेत. बेंचवर त्या पंपाच्या चार्टप्रमाणे माप लावून घ्या आणि नोझल किती दाबाला उघडते, फवारा सारखा पडतो की थेंब गळतो, हे समोर उभे राहून पाहा. परत बसवताना इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवेच हवेत. कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) गाडीचा इंजेक्टर मात्र अंदाजाने खोलू देऊ नका. आधी रिटर्न पाइपांना बाटल्या लावून आयडलवर लीक-ऑफ, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल, मोजा. ज्या बाटलीत इतरांपेक्षा ठळकपणे जास्त डिझेल जमते, तो इंजेक्टर गेलेला.

टायरची हवा सकाळी थंड असताना, दरवाज्याच्या खांबावरच्या आकड्याप्रमाणे भरावी. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा चार-पाच पीएसआय जास्त दिसतो म्हणून हवा सोडली की रात्री टायर मऊ पडतो. चिकटणारे ब्रेकही डिझेल खातात: चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, अडते का बघा.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे, हा तर निव्वळ वेडेपणा. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर सोडून उतरताना पंप डिझेल जवळपास तोडतोच; न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलचे डिझेल पीत राहते. इंजिन बंद केले की ब्रेकला जोर देणारे व्हॅक्यूम थांबते आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो.

एक विनंती पीयूसी केंद्रांना आणि परिवहन खात्याला. डिझेल गाडीचा धूर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून, नळी सायलेन्सरमध्ये घालूनच मोजायचा असतो. बीएस-४च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचे माप), म्हणजे २.४५ प्रतिमीटर, बीएस-४ला ५० हार्ट्रिज, म्हणजे १.६२. गाडीच्या धुराचा आकडा प्रमाणपत्रावर असतो, पण तो खराखुरा मोजलेला असेल तरच उपयोगाचा. मालकांनीही कागद नुसता घडी घालून डॅशबोर्डमध्ये ठेवू नये. बीएस-४च्या आधीच्या गाडीचा मागच्या वेळचा आकडा ०.९ होता आणि आता १.८ आला, तर गाडी पास असली तरी एअर फिल्टर, टर्बो होज आणि नोझल त्याच आठवड्यात तपासून घ्यावीत.

– एक वाचक, जि. यवतमाळ