ताई, माझं पाकीट दुसरं निघालं तरी

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नावलीवर तुम्ही कधीच माझं नाव लिहिलं नाहीत, नुसता क्रमांक टाकलात. मीही तेवढं पाळते. औसा तालुक्यातलं, दारात शेवगा असलेलं पत्र्याचं घर म्हटलं की तुम्हाला ओळख पटेल.

पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला दारातूनच परत लावणार होते. ह्यांना लकवा मारून आठ महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. त्याआधी एका दवाखान्यात माझ्यापुढं चार पानं सरकवून "इथं सही करा" म्हणाले होते. कशाची सही, ते मला आजही ठाऊक नाही. त्यामुळं तुमच्या हातात कागद दिसले आणि मी म्हणाले, "आता आणि कशावर सही?" तुम्ही म्हणालात, "आज सही नाहीच. आज नुसतं वाचून दाखवते. घरात बोला, आठ दिवसांनी येते."

पाऊण तास वाचत होतात. या अभ्यासात गोळी नाही, सुई नाही. अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्यांनी ताण कसा पेलायचा हे शिकवायचं आणि त्यानं खरंच फरक पडतो का ते मोजायचं. मधेच सोडलं तरी ह्यांच्या उपचाराला काही होणार नाही. तक्रार असली तर अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा नंबर हा. भाच्यानं संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक मोबाइलवर टाकून बघितला. देशातल्या अशा अभ्यासांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणालाही फुकट बघता येते, हे आमच्या घरात तोवर कुणाला माहीत नव्हतं. "खरंच हाय मामी," म्हणाला. मग सही केली.

आणि मग ते बंद पाकीट. आत कुठला गट निघेल हे तुम्हालाही माहीत नाही, असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. मागच्या गल्लीतल्या काकूंना शिकवणीचा गट निघाला. मला निघाला दुसरा, म्हणजे जे उपचार चालू आहेत ते चालू द्यायचे आणि शिकवणी सहा महिन्यांनी. मला लई राग आला. इथंसुद्धा आपलंच नशीब फुटकं! तुम्ही समजावत होतात, तुलना लागते, दोन्ही गट सारखे लागतात, निवड आपल्या हातात ठेवली तर खोट येते. माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

तेव्हा बाजेवरून ह्यांनी डावा हात वर केला. दोन बोटं. "दोन... तास. औषध... नाय."

तुम्ही घड्याळाकडं बघितलंत! तास म्हणजे आमच्याकडं पेरणीची ओळ, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? सोयाबीनवर नवीन औषध मारायचं असलं की हे दोन तास तसेच सोडायचे. सगळ्या रानात मारलं आणि पीक चांगलं आलं, तर ते औषधानं आलं की पावसानं, हे कळायचं कसं? दुकानदार तर औषधानंच म्हणणार. ह्यांच्या तोंडून आठ महिन्यांत आलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. तुम्ही वहीत काहीतरी लिहून घेतलंत. आता दुसऱ्या गावांत तासाचाच दाखला देता, असं ऐकलं.

तिसऱ्या महिन्यात तुम्ही पुन्हा तीच प्रश्नावली घेऊन आलात. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागते का, भूक लागते का. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो तुम्ही आवाज न बदलता विचारलात, भुकेबद्दल विचारावं तसा. त्यामुळंच मी खरं बोलले. "काही दिवस."

तुम्ही वही मिटलीत. माझं पाकीट कुठलं, हे त्या दिवशी तुम्ही बघितलं नाहीत. तिथूनच मोठ्या मॅडमना फोन लावलात, माझ्या जावेला माझ्याजवळ थांबवलंत आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं माझ्यासोबत लातूरला डॉक्टरांकडं आलात. मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेल्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर पिठाच्या डब्याच्या झाकणावर लिहून दिलात. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डबा किती वेळा घासला, पण ते झाकण मी अजून घासलेलं नाही.

सहाव्या महिन्यात मला जरा बरं वाटत होतं. मीच घाबरून विचारलं, "शिकवणी न घेता बरं वाटलं, तर तुमचा हिशोब चुकेल का हो?" तुम्ही हसलात. "म्हणून तर दुसरा गट लागतो, वहिनी." काही माणसं दिवसांनीच सावरतात, काहींना कुणी विचारपूस केली तरी बरं वाटतं. तेवढं वजा करून शिकवणीचं जे उरेल ते खरं. त्या दिवशी माझा पाकिटावरचा राग गेला.

पुढं शिकवणीही मिळाली. खरं सांगू, त्या सावकाश श्वासाचं मला फारसं जमलं नाही. पोटावर हात ठेवून बसले की हसूच यायचं. काकूंना मात्र त्यानंच झोप लागते. मला उपयोगी पडली ती काळज्यांची यादी. आपल्या हातातल्या एका बाजूला, हाताबाहेरच्या दुसऱ्या. अकरा निघाल्या. "पैसा नाही" ही एकच मोठी काळजी फोडली तर तिच्यात तीन कामं निघाली: ह्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र, तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज, आणि दिरांशी वाट्याचं बोलणं. पहिली दोन झाली. तिसरं अजून हातातल्या बाजूलाच आहे, पण हात काही जात नाही. हाताबाहेरच्या बाजूला पहिलं आहे ते ह्यांचा उजवा हात.

वर्षभरात तुम्ही आमच्याकडं चहाशिवाय काही घेतलं नाहीत. तुरीच्या शेंगांची पिशवीसुद्धा "नियमात बसत नाही" म्हणून ठेवून गेलात. आता माझी शेवटची प्रश्नावली झाली, मग नियम कसला? येत्या वेळ अमावस्येला शेतात या. कडब्याची कोपी भाचा घालणार आहे. भज्जी, उंडे, आंबिल असेल. हे बाजेवर असतील, बाज आम्ही ट्रॅक्टरमधून नेणार. औशाहून सकाळची गाडी धरा, फाट्यावर कुणीतरी उभं असेल.

तुमची,
वहिनी