आधी ते प्रमाणपत्र रद्द करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकांनी लसीकरणाकडे पाठ फिरवल्याबद्दलचा आपला कालचा अग्रलेख वाचला. लोक अडाणी, व्हॉट्सॲपवर विसंबणारे, पोरांच्या गोवर-रुबेलाच्या डोसालाही टाळाटाळ करणारे. छान कान उपटलेत, आभारी आहे.

माझ्या थोरल्या भावाने मार्च २०२१ मध्ये कोरोनाच्या कोविशील्ड लसीचा पहिला डोस घेतला. पहाटे पाचला टोकनची रांग, दुपारी दीडला सुई. सिस्टरांनी कार्डावर निळ्या पेनने २८ दिवसांनंतरची तारीख घातली. ती यायच्या आत अंतर सहा ते आठ आठवडे झालं, मेमध्ये बारा ते सोळा. शास्त्र बदलतं, कबूल. पण केंद्रावर 'लस संपली'चा फलक आणि हे नवं शास्त्र एकदमच आलं, तेव्हा पेठेतलं शेंबडं पोरही काय ते समजलं. त्याच मे महिन्यात दादा गेले. आम्ही प्लाझ्मासाठी रक्तपेढ्या पालथ्या घालत होतो, आणि तेव्हाच प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला. पंचगंगेच्या स्मशानभूमीत आम्हाला फाटकाबाहेरच थांबवलं.

डिसेंबरात दादांच्या मोबाइलवर मेसेज आला. दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण, अभिनंदन! वहिनींनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि मला विचारलं, "भाऊजी, ही कुणाला टोचली हो?" मी प्रमाणपत्राची प्रिंट काढून केंद्रावर गेलो. खुर्चीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "वरनं टार्गेट हाय. एंट्री झाली आसंल, सोडून द्या की."

लस वाईट, असं मी म्हणत नाही. मी बूस्टरही घेतलाय. वहिनी नातवाला सगळे डोस देतात. फक्त बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय आणि समोर सिरिंज भरल्याशिवाय पोराचा दंड पुढे करत नाहीत. सिस्टर चिडतात. आता याला आपण अडाणीपणा म्हणणार का?

आणि हो, ज्या अंकात हा अग्रलेख आहे, त्याच अंकात पाठच्या पानावर 'प्रतिकारशक्ती सात दिवसांत दुप्पट' करणाऱ्या चूर्णाची अर्धं पान जाहिरात आहे. तिच्यावर अग्रलेख कधी?

दादांचं ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. ते रद्द करायला अर्ज कुठे करायचा, तेवढं छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर