चिऊच्या निबंधावरून

आयोवा सिटी, अमेरिका,
रविवार

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दादा, तुझी मेल वाचली आणि आधी हसूच आलं. चिऊला कॉलेजात ‘सार्वजनिक उत्सव आणि ध्वनिप्रदूषण’ यावर स्वतःचं मत मांडणारा निबंध लिहायचाय, तिने तुला फोनवर विचारलं, ‘बाबा, बाजूने लिहू की विरोधात?’ आणि तुझा पारा चढला. एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी हिला स्वतःचं मत नाही, मोबाइल सांगेल ते उतरवून काढणार, वगैरे. खाली वहिनीने जोडलेली ओळही वाचली, की कॉलेजात असताना तुझे निबंध गाइडातूनच यायचे. त्यावर तू काय बोललास ते कळव.

चिऊचा प्रश्न मी इथे आठवडाभर ऐकत असते. मी नेमकं काय काम करते हे आईला अजून नीटसं उमगलेलं नाही, ती सगळ्यांना ‘इंग्रजीच्या शिकवण्या घेते’ असं सांगते. तर पुन्हा एकदा सांगते. विद्यापीठाच्या लेखन केंद्रात माझं एक टेबल असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना, पुढे नर्स व्हायचं असो की इंजिनिअर, बोलणं आणि लिहिणं शिकवणारा एक पेपर सक्तीचा असतो. त्या पेपरासाठी खरडलेला कच्चा मजकूर घेऊन ती माझ्याकडे येतात. आमचा रिवाज असा की, लिहिलेलं मुलाने स्वतः मोठ्याने वाचायचं आणि पेन त्याच्याच हातात राहायचं. मी लाल खुणा करायच्या नाहीत. सुरुवातीला माझे हात नुसते शिवशिवायचे, शेवटी आपण मास्तरांच्या घरातले! पण ऐकत बसलं की कळायला लागतं. उसनी वाक्यं मुलं धडाधड वाचत सुटतात. स्वतःचं वाक्य आलं की अडखळतात, मान वर करून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, थांब, पुढे जाऊ नकोस, इथेच काहीतरी आहे.

तुला वाटतं तशी इथली पोरं जन्मतःच मतं घेऊन आलेली नसतात. बोलायला धीट असतात हे खरं. वर्गात हात वर करून ‘मला असं वाटतं’ म्हणायला जराही कचरत नाहीत. पण कागद पुढे आला की तीच मुलं ताकाला जाऊन भांडं लपवतात. त्याचं मूळ शाळेत आहे. इथल्या हायस्कुलात पाच परिच्छेदांचा निबंध घोटून घेतात. पहिल्या परिच्छेदात प्रस्तावना आणि तिच्या शेवटी तुमचं मत, मग तीन परिच्छेदांत तीन कारणं, शेवटी तेच मत पुन्हा. कारणं तीनच हवीत. दोन सुचली तर तिसरं कुठून तरी पैदा करायचं, चार सुचली तर एक टाकून द्यायचं. मत मात्र अगदी सुरुवातीलाच तयार लागतं, मग ते सुचलेलं असो की नसो. म्हणून ती विचारतात, ‘कोणत्या बाजूने लिहिणं सोपं जाईल?’ बघ, चिऊच्या प्रश्नात आणि यात काही फरक आहे का.

आणि परीक्षावाले सगळीकडे सारखेच. इथल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत २००५ मध्ये पंचवीस मिनिटांचा निबंध आणला. एमआयटीतल्या लेस पेरेलमन नावाच्या प्राध्यापकांनी त्याचे नमुने तपासले, तर जितका निबंध लांब तितके मार्क जास्त असं निघालं. त्यातली माहिती चुकीची असली तरी मार्क कापायचे नाहीत, असाच नियम होता. वाचल्यावर मला आपल्या बोर्डाच्या हॉलबाहेरचा तो प्रश्न आठवला, ‘किती पुरवण्या लावल्यास?’ तो निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक केला आणि २०२१ मध्ये जवळजवळ सगळीकडून काढूनच टाकला. तसं रडगाणं जुनंच आहे. हार्वर्डने पहिल्या वर्षाला निबंधलेखन सक्तीचं केलं १८८५ मध्ये, तेही ‘मुलांना लिहिता येत नाही’ या तक्रारीवरूनच.

त्याच हार्वर्डमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत विल्यम पेरी नावाच्या माणसाने वेगळंच काम केलं. दर वर्षाअखेरीला मुलांना बोलावून, यंदा काय काय झालं ते सांगा, एवढंच विचारायचं आणि ऐकत बसायचं. तीच मुलं, वर्षामागून वर्षं. त्यातून त्याने जे मांडलं ते मला रोज टेबलावर दिसतं. मूल येतं तेव्हा त्याला वाटत असतं की बरोबर उत्तर सरांकडे आहे, आपण ते ओळखायचं. मग कळतं की सरांचंही आपापसांत पटत नाही. तिथून ते थेट दुसऱ्या टोकाला जातं: ज्याचं त्याचं मत, कोण कोणाला चूक म्हणणार! दादा, माझ्या मते खरी अडचण ही दुसरी पायरी आहे. ती मोठी समंजस वाटते, कोणी दुखावत नाही, आणि तिथे माणूस जन्मभर मजेत राहू शकतो. आपल्या नात्यातल्या कितीतरी जणांची नावं मी आत्ता घेऊ शकते, पण हे पत्र तू आईला वाचून दाखवणार आहेस.

एका मुलीची गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही, आमच्यात ते चालत नाही. शेतकऱ्याची पोर. आयोवा म्हणजे मका आणि डुकरं: माणसं बत्तीस लाख, डुकरं त्याच्या सातपट. निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो. त्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाइपातून नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीत गाडायचा, अशी एक मोठी योजना इथे काही वर्षं गाजतेय. पाइप जाणार शेतांतून. जे शेतकरी सही करणार नाहीत त्यांची जमीन सक्तीने वापरायला घेता यावी का, यावरून रान उठलंय. २०२४ च्या जूनमध्ये राज्याच्या मंडळाने परवानगी दिली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने सक्तीला लगाम घालणारं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नरबाईंनी ते फेटाळलं. गंमत म्हणजे विरोधात कट्टर रिपब्लिकन शेतकरी आणि पर्यावरणवाले डेमोक्रॅट एका बाकावर, आणि गव्हर्नरबाई स्वतः रिपब्लिकन.

ही मुलगी त्यावरच लिहून आली होती. पहिलं वाक्य: ‘कार्बन पाइपलाइनचे अनेक फायदे आणि तोटे आहेत.’ तिथून दोन पानं तसंच गुळमुळीत. फायदे तीन, तोटे तीन, शेवटी ‘दोन्ही बाजूंचा विचार होणं गरजेचं आहे’. वाचतही होती भरधाव. मध्येच एका ठिकाणी आवाज खाली गेला. ‘काही कुटुंबांमध्ये यावरून मतभेद झाले आहेत.’ मी विचारलं, कोणती कुटुंबं? गप्प. मग मी विचारलं, तू हे सगळं खरंखुरं, मनातलं लिहिलंस आणि ते कोणाच्या हाती लागलं तर राग कोणाला येईल? तेव्हा म्हणाली, ‘मामाला.’ आजोबांच्या शेतातून पाइप जाणार आहे आणि आजोबा सही करायला तयार नाहीत. मामा इथेनॉलच्या कारखान्यात कामाला आहे, आणि पाइप झाला नाही तर आपला कारखाना मागे पडेल अशी त्याला धास्ती आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोघं एका टेबलाशी बसतात आणि हवामानावर बोलतात.

मी म्हटलं, निबंध राहू दे बाजूला, मामाला पत्र लिही. पाठवायचं नाही. दहा मिनिटं, हात न थांबवता, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. ही युक्ती माझी नव्हे. पीटर एल्बो नावाच्या प्राध्यापकांनी ती १९७० च्या दशकात इथे रुजवली. त्यांचंच आणखी एक सांगणं असं, की समोरच्याचं म्हणणं खोडून काढण्याआधी थोडा वेळ ते खरं मानून बघा, प्रामाणिकपणे. त्या दहा मिनिटांत तिने मामाची बाजू इतकी चांगली लिहिली की ती स्वतःच चमकली. आणि त्याच्याच खाली एक ओळ आली: पवनचक्कीवाले दरवर्षी भाडं देतात, मग पाइपवाले एकदाच पैसे देऊन कायमचे का मोकळे होणार? (इथे मैलोन् मैल पवनचक्क्या आहेत, आपल्या चाळकेवाडीची आठवण येते.) पाइप होऊ दे, पण सक्ती नको, आणि भाडं वर्षाचं द्या, असं तिचं म्हणणं हळूहळू उभं राहिलं. ते आजोबांना पूर्ण पटणारं नव्हतं आणि मामालाही नव्हतं. पण ते तिचं होतं, आणि त्याला हात-पाय होते. तिला किती मार्क मिळाले ते ठाऊक नाही, आम्हाला ते कधी कळत नाही.

बंदुका, गर्भपात, गांजा हे विषय घेऊ नका, असं इथले बरेच शिक्षक पहिल्या दिवशीच बजावतात. मुलं त्या शिक्षकांना खडूस म्हणतात. पण त्या विषयांवर दोन्ही पक्षांची मतं शिवून तयार असतात, मुलाला फक्त मापाचं उचलायचं असतं. पाइपलाइनचं तसं नव्हतं. पक्षाकडे बघून उत्तर मिळेना, म्हणून तिला स्वतः बसावं लागलं.

चिऊ मोबाइलला विचारते म्हणून तू कावलास. इथेही २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि पहिला एक महिना प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये सुतक असल्यासारखं वातावरण होतं. आता काहींनी परत परीक्षेच्या निळ्या वह्या आणून वर्गात हाताने लिहून घ्यायला सुरुवात केलीय. मुलं मशीनचा मजकूर माझ्याकडे आणतात तेव्हा मी रागावत नाही, वाचायलाच लावते. वाचताना त्यांनाच कंटाळा येतो. व्याकरण चोख, दोन्ही बाजू समसमान, कोणाला राग येण्यासारखं काही नाही. आधी आमच्या शाळांनी मुलांना असं लिहायला शिकवलं, मग मशीनने ते दोन सेकंदांत करून दाखवलं. मशीनला मामा नाही, म्हणून त्याला ते जमतं.

मत कोणासमोर मांडायचं हे ठरलं की माणूस उगाच बोलत नाही, हे मी इथे एकदा प्रत्यक्ष पाहिलं. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या डेमोक्रॅट पक्षाची कॉकस होती, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायची गावोगावची सभा. मी प्रेक्षक म्हणून गेले. शाळेच्या जिममध्ये माणसं आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहतात. उघड, सगळ्या गल्लीदेखत. ज्या गटात पंधरा टक्के जमत नाहीत त्याने मोडायचं, आणि मग बाकीचे येऊन त्यांना आपल्याकडे ओढतात. एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी समोरासमोरच्या कोपऱ्यांत होत्या. मुलीचा गट मोडला. आई सोडून सगळे तिला बोलवायला आले. आई जागची हलली नाही, नुसती बघत होती. मुलगी भलत्याच तिसऱ्या गटात गेली! दोघी एकाच गाडीतून घरी गेल्या, त्या गाडीत काय झालं असेल याची मला आजही उत्सुकता आहे. २०२४ पासून डेमोक्रॅटांनी ही तऱ्हा सोडून टपालाने पसंती घ्यायला सुरुवात केली. सोय झाली असेल, पण मला वाईट वाटलं.

आणि हे सगळं अमेरिकेचं कौतुक म्हणून सांगतेय असं समजू नकोस. कराडपासून टेंभू किती लांब आहे? शाळेच्या सहलीला आपल्याला तिथे नेलं होतं, तेव्हा आपलं लक्ष डब्याकडे. त्या टेंभूच्या आगरकरांनी एम. ए. च्या सुमारास आईला पत्र लिहिलं, की मुलाच्या मोठाल्या परीक्षा होताहेत, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशांवर राहणार आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालणार. घरची परिस्थिती ती तशी, आणि हे सांगायचं कोणाला, तर आईला. पुढे ‘सुधारक’मध्ये त्यांनी जे लिहिलं ते लिहायचा धीर मला वाटतं त्या पत्रातच आलेला होता. डेक्कन कॉलेजात रात्र रात्र टिळकांशी वाद घालून मग कागदावर उतरणारा पोरगा तो. मतं आपल्याकडे कट्ट्यावर कमी नाहीत, आजही नाहीत. कागद मात्र आपण मार्कांना देऊन टाकला.

तेव्हा चिऊच्या निबंधाचं असं कर. तू मंडळाचा जुना अध्यक्ष. पहिल्यांदा डॉल्बी आणला तो तुमच्याच वेळी, मिरवणुकीत पुढे कोण नाचत होतं त्याचे फोटो माझ्याकडे आहेत. आईच्या छातीत धडधडायला लागलं म्हणून तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं होतं, तेव्हा चिऊ तिच्याजवळ होती. आणि तिचे मित्र आज त्याच मंडळात आहेत. तिला म्हण, निबंध नंतर, आधी मला पत्र लिही. डॉल्बीबद्दल तुला मला काय सांगायचंय ते सांग, मी रागावलो तरी चालेल. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्री दहानंतर भोंगे बंद, थोड्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत, हे २००० सालचे नियम तिला मोबाइल सांगेल, ते त्याला खुशाल विचारू दे. बाकीचं त्याला ठाऊक नाही.

आणि तू तिच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. तिला मोठ्याने वाचायला सांग आणि पेन तिच्याकडेच ठेव. तुला ते जमणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून वहिनीला शेजारी बसव.

इकडे थंडी सुरू झालीय. मेतकूट संपलं, पुढच्या महिन्यात कोणी येणार असेल तर पाठव. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहिलंच नाहीस. चिऊचं पहिलं पान झालं की त्याचा फोटो मला पाठव, हाताने लिहिलेलाच, टाइप करून नको.

तुझी,
धाकटी